स्मृतीचे मराठी माप

काही वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, माझ्या आत्याला नागपुरातल्या एका रुग्णालयात स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी नेले होते. वय ऐंशीच्या पुढे गेलेले, शाळेची पायरी जन्मात न चढलेली, परंतु चार एकरांचा हिशेब आणि तीन पिढ्यांच्या सोयरिकी तोंडपाठ असलेली ती बाई. तपासणाऱ्या तरुणाने अदबीने विचारले, "आजी, आज तारीख कोणती?" आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तारीख नाई सांगता येत बाप्पा. उद्या पोळा हाय, मंजे आज चौदस. बैलाचे खांदे शेकाचा दिवस." कालगणनेच्या ज्या चौकटीत तिने सारे आयुष्य काढले, त्या चौकटीत हे उत्तर तंतोतंत बरोबर होते. तथापि कागदावर तारखेपुढे शून्य पडले, आणि अशा शून्यांच्या बेरजेतून निघालेला एक आकडा तिच्या बुद्धीचा दाखला म्हणून आमच्या हाती आला. त्या आकड्यावर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. आणि तो एका कुटुंबापुरता नसून मराठी बोलणाऱ्या प्रत्येक वृद्धाचा आहे, असे वाटल्यावरून या विषयाचा साकल्याने आढावा घेण्याचे योजिले आहे.

प्रथम ज्या अवस्थेचे निदान करावयाचे ती अवस्था कोणती, हे पाहिले पाहिजे. वृद्धत्वातील स्वाभाविक विसर आणि स्मृतिभ्रंशाचा व्याधी यांच्या दरम्यान एक संधिप्रदेश आहे. त्यात मनुष्याची स्मृती त्याच्या वयाच्या व शिक्षणाच्या मानाने उणी पडू लागलेली असते, पण त्याचे नित्य व्यवहार अद्याप बहुतांशी सुरळीत चाललेले असतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली या अवस्थेचे निकष मांडले. (नागपूरकरांचे 'मेयो' निराळे, ते एका व्हाइसरॉयच्या नावाचे रुग्णालय.) मराठीत या अवस्थेला 'सौम्य बोधनिक ऱ्हास' म्हणता येईल; डॉक्टर मंडळी तिला 'एमसीआय' या आद्याक्षरांनीच ओळखतात. आपल्याकडे मात्र 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण इतकी खोल रुजली आहे, की घरातल्या वडीलधाऱ्याचे विसरणे हा वयाचा धर्म समजून सोडून दिला जातो.

हे सोडून देणे महाग पडते. विसरभोळेपणाच्या मुळाशी कधी 'बी-१२' या जीवनसत्त्वाची उणीव असते, कधी थायरॉइड ग्रंथीचे मांद्य असते, तर कधी पती वा पत्नी गेल्यानंतर मनाला आलेली उदासीनता असते. आणि या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत. उलट खराच ऱ्हास सुरू झालेला असेल, तर कुटुंबाला सावध होण्यास आणि वृद्धाला स्वतःच्या इच्छा स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवण्यास अवधी मिळतो. त्यातच १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ५९ मृत्युपत्र करणाऱ्यास 'शाबूत मनाची' अट घालते, त्यामुळे स्मरणचाचणीचा कागद दवाखान्यातून निघून बक्षीसपत्राच्या आणि वाटणीच्या मिसलीत जाऊन बसू शकतो. ज्या आकड्यावर उपचार, अब्रू आणि इस्टेट अशा तिन्ही गोष्टी अवलंबून राहू शकतात, तो आकडा कोणत्या मापाने काढला, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मापाची कसोटी दुहेरी असते. आपल्या गावागावांत धान्य मोजण्यास पायली असे. तीच रास तीच पायली घेऊन आज मोजली, उद्या मोजली, एकाने मोजली, दुसऱ्याने मोजली, आणि तरी आकडा तोच आला, तर ते माप विश्वसनीय. आणि ती पायली खरोखर धान्यच मोजते, धान्यातले खडे व भूस नव्हे, अशी खात्री पटली, तर ते माप सप्रमाण. मानसशास्त्रात या दोन गुणांना 'विश्वसनीयता' व 'सप्रमाणता' म्हणतात. विश्वसनीयतेचे पुन्हा प्रकार आहेत: काही आठवड्यांच्या अंतराने तीच परीक्षा पुन्हा घेऊन मिळणारा मेळ, दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांतील मेळ, परीक्षेच्या निरनिराळ्या प्रश्नांचा परस्परांशी मेळ, आणि एकाच परीक्षेच्या दोन समतुल्य प्रतींमधील मेळ. पायली एका गावची असेल आणि मोजावयाची रास दुसऱ्या गावची असेल, तर ती तेथल्या मापाशी ताडून पाहिल्यावाचून व्यवहार करणे कोणताही शहाणा दुकानदार पत्करणार नाही. स्मरणचाचण्यांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा आपण तो पत्करतो.

आज दवाखान्यांत वापरात असलेल्या मापांचा इतिहास थोडक्यात असा आहे. जिनिव्हाच्या आंद्रे रे यांनी गेल्या शतकाच्या मध्यास शब्दस्मरणाची जी परीक्षा रचली, तिच्यात पंधरा शब्दांची यादी पाच वेळा ऐकवून प्रत्येक वेळी आणि नंतर काही काळाने आठवावयास सांगतात; शब्दस्मरणाच्या अनेक आधुनिक परीक्षा या ना त्या रूपाने तिच्या वंशातल्या आहेत. १९७५ साली मार्शल फोलस्टीन, सुझन फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तीस गुणांची 'मिनी मेंटल' परीक्षा प्रसिद्ध केली. ती सोपी असल्याने जगभर पसरली; पण ज्यांचा ऱ्हास अगदी आरंभीचा आहे असे सुशिक्षित वृद्ध तिच्यातून सहज निसटून जात. ही त्रुटी भरून काढण्यासाठी मॉन्ट्रियलच्या झियाद नस्रेदीन यांनी २००५ साली तीस गुणांचीच, परंतु अधिक कठीण अशी 'मोका' परीक्षा पुढे आणली. तिच्यात सव्वीस वा अधिक गुण म्हणजे प्रकृती ठीक, असा संकेत असून बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिकलेल्यास एक गुण वाढवून देण्याची तरतूद आहे.

मूळ अभ्यासात 'मोका'चा पुनर्परीक्षणातील सहसंबंध ०.९२ इतका उत्तम आला होता. सौम्य ऱ्हास असलेल्यांपैकी ९० टक्के तिने ओळखले, आणि निरोगी माणसांपैकी ८७ टक्क्यांना निरोगी ठरविले. हे आकडे वाचून मन आश्वस्त होते, परंतु त्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. समजा, एखाद्या वस्तीतल्या हजार वृद्धांची परीक्षा घेतली आणि त्यांपैकी शंभरांना खरोखर सौम्य ऱ्हास आहे. परीक्षा त्यांतले नव्वद हुडकून काढील. पण उरलेल्या नऊशे निरोगी माणसांपैकी तेरा टक्के, म्हणजे एकशेसतरा जणांनाही ती दोषी ठरवील. एकूण दोनशेसात जणांवर बोट ठेवले गेले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना तो विकार नाहीच. शिवाय प्रत्येक मापाला स्वतःची थरथर असते. एखाद्या समूहाच्या गुणांचे प्रमाण विचलन चार असेल आणि विश्वसनीयतेचा गुणांक ०.८४ असेल, तर मोजणीची प्रमाण त्रुटी १.६ गुणांची येते. मग सव्वीस आणि पंचवीस यांमधल्या एका गुणावर कोणाला व्याधिग्रस्त ठरविणे हे शास्त्राच्या नावाने केलेले अशास्त्र होय. हा सारा हिशेब ज्या लोकांवर परीक्षा घडविली गेली त्या लोकांपुरता आहे. भाषा बदलली, शिक्षण बदलले, की प्रत्येक आकडा नव्याने सिद्ध करावा लागतो.

हे नव्याने सिद्ध करण्याचे काम कसे करावे, याचा धडा चीनने घालून दिला आहे. तेथेही वृद्धांची एक अख्खी पिढी निरक्षर होती. तेथेही लिपी आणि भाषा युरोपीय मापांच्या चौकटीत बसणारी नव्हती. आणि एकाच लिपीच्या छत्राखाली बीजिंगची, शांघायची व हाँगकाँगची बोली परस्परांस दुर्बोध होती. १९८०-९० च्या दशकात शांघायमध्ये पाच हजारांहून अधिक वृद्धांची पाहणी झाली, तेव्हा रॉबर्ट कॅट्झमन, झांग मिंगयुआन आणि त्यांचे सहकारी यांना दिसून आले, की 'मिनी मेंटल'ची एकच सीमारेषा सर्वांना लावली तर निरक्षर माणसे थव्याथव्याने रोगी ठरतात. म्हणून त्यांनी शिक्षणानुसार तीन सीमारेषा आखल्या: निरक्षरांसाठी १७, प्राथमिक शिक्षितांसाठी २० आणि त्यापुढील शिक्षितांसाठी २४. 'मोका'च्या बाबतीतही पुढे तेच झाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ८,४११ चिनी वृद्धांच्या पाहणीत निरक्षरांसाठी सीमारेषा १३ वर, सहा वर्षांपर्यंत शिकलेल्यांसाठी १९ वर आणि त्याहून अधिक शिकलेल्यांसाठी २४ वर येऊन ठेपली. मॉन्ट्रियलमध्ये पंचविसाला जो धोक्याचा कंदील लागतो, तो चीनच्या निरक्षर शेतकऱ्याला तेराला लागतो. एक गुण वाढवून देण्याच्या तरतुदीने हे अंतर बुजणे शक्यच नव्हते. हाँगकाँगच्या आवृत्तीने आद्याक्षरावरून शब्द सांगण्याचा प्रश्न काढून त्याजागी प्राण्यांची नावे विचारली, कारण जी लिपी वर्णमालेवर उभीच नाही तिच्यात आद्याक्षराचा प्रश्न निरर्थक ठरतो. शांघायच्या ह्वाशान रुग्णालयाने शब्दस्मरणाची स्वतंत्र परीक्षा रचताना बारा शब्द चिनी जीवनातून निवडले. प्रत्येक बदलानंतर विश्वसनीयता पुन्हा तपासली गेली. वाद तेथेही संपलेले नाहीत, आवृत्त्यांचे पेव फुटल्यामुळे एकीचे गुण दुसरीशी ताडणे अवघड झाले आहे; परंतु माप लोकांसाठी घडवावयाचे असते हे तत्त्व मात्र त्यांनी कृतीत उतरविले.

आपल्या देशात हा विचार नव्हता असे नाही. किंबहुना मराठीपुरते बोलावयाचे तर त्याची परंपरा जुनी आहे. धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ च्या सुमारास बिने यांच्या बुद्धिमापन परीक्षेचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर केले, आणि ते करताना परक्या प्रश्नांची उलथापालथ करून इथल्या मुलांवर त्यांचे प्रमाणीकरण केले. बिने-कामत परीक्षा म्हणून ती आजही ओळखली जाते. प्रौढांच्या स्मृतीसाठी चंडीगढच्या एका वैद्यकीय संस्थेत द्वारका प्रसाद व एन. एन. विग यांनी १९७७ साली हिंदी स्मृतिश्रेणी तयार केली. १९९५ साली मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगढच्या, बहुतांशी निरक्षर अशा ग्रामीण वृद्धांसाठी 'मिनी मेंटल'चे हिंदी रूप घडविले. त्यात वारांची नावे उलट क्रमाने विचारली जातात, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगण्यास सांगितले जाते. याच प्रकल्पातून माणसाच्या दैनंदिन क्षमतेविषयी घरच्यांना विचारावयाची प्रश्नावलीही निघाली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २००४ साली आपला मज्जामानसशास्त्रीय परीक्षासंच निरक्षरांच्या मानकांसह सिद्ध केला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सौम्य ऱ्हास व स्मृतिभ्रंश यांच्या निदानासाठी बहुभाषी परीक्षासंच तयार करविला आणि तो २०२० च्या सुमारास हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम् या पाच भाषांत पडताळून प्रसिद्ध झाला. या पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती. 'मोका'चे मराठी भाषांतर उपलब्ध आहे. परंतु भाषांतर असणे आणि माप सिद्ध असणे या दोन गोष्टींत, बियाणे घरात असणे आणि पीक हाती येणे यांच्याइतकेच अंतर आहे.

मापाच्या या अनिश्चितीचे पडसाद संख्याशास्त्रात उमटलेले दिसतात. बल्लभगढच्या १९९८ च्या अहवालात पासष्टीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.३६ टक्के सांगितले गेले. मुंबईत चोवीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी होऊन २००१ साली पासष्टीपुढच्यांत ते २.४४ टक्के आढळले. पुण्याच्या २०१० मधील पाहणीत ४.१ टक्के आढळले. आणि 'लासी-डॅड' या राष्ट्रव्यापी पाहणीने, जिच्यात महाराष्ट्राचाही समावेश होता, २०२३ साली साठीपुढील लोकांत ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोक, असा अंदाज बांधला. वयोगट, पद्धती व प्रदेश भिन्न असल्याने या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही हे खरे. परंतु पाव शतकात आपली स्मृती पाचपटीने ढासळली असे कोणी म्हणणार नाही, आणि त्या अर्थी या फरकाचा मोठा वाटा मोजणाऱ्या हातांतील व मापांतील फरकाचा आहे हे मान्य करणे भाग आहे. 'लासी-डॅड'च्याच पाहणीत स्त्रियांमध्ये प्रमाण ९ टक्के व पुरुषांमध्ये ५.८ टक्के, तसेच खेड्यांत ८.४ व शहरांत ५.३ टक्के निघाले. ज्यांना पाटी-पेन्सिल उशिरा मिळाली किंवा मिळालीच नाही, त्यांच्याच वाट्याला अधिक रोग आला, की अधिक कठोर माप आले? बहुधा दोन्ही; पण कोणते किती, हे विश्वसनीय मापावाचून सांगता येणार नाही.

आता मराठी भाषेपाशी येऊ, कारण अडचणींचा खरा गड्डा तेथे आहे. शंभरातून सात सात वजा करीत जाण्याचा प्रश्न घ्या. उत्तरे येतात ती त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट अशी. चिनी भाषेत एकोणऐंशीला 'सात दहा नऊ' म्हणतात, नावातच अंक उघडा असतो. मराठीत तोच अंक 'ऐंशीला एक उणे' अशा वळणाने येतो, आणि शंभरापर्यंतचे बहुतेक अंक स्वतंत्र शब्द म्हणून पाठ करावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धती आणली तेव्हा केवढे वादळ उठले, हे वाचकांना स्मरत असेल. ती पद्धती आणणाऱ्यांचे म्हणणे असे होते की मराठी अंकनामे हे बालबुद्धीवरचे एक ओझे आहे. मग जी वृद्धा शाळेतच गेली नाही, आणि जिचा बाजारातला हिशेब विसा-विसांच्या कोड्यांनी चालला, तिच्या अवधानाची परीक्षा या प्रश्नाने होते, की पाढ्यांची?

अक्षरांचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. 'मोका'त अंक आणि अक्षरे आळीपाळीने जोडावयाची असतात. मराठी माणसाच्या मनात अक्षरांचे क्रम तीन: 'अ, आ, इ, ई' हा स्वरांचा, 'क, ख, ग, घ' हा व्यंजनांचा, आणि शाळेच्या तुकड्यांमुळे अंगवळणी पडलेला 'अ, ब, क, ड' हा. कोणता क्रम अभिप्रेत आहे हे चित्रावरून कळते, परंतु ज्याच्या बोटांना एक क्रम सवयीचा आहे त्याला दुसऱ्यासाठी अधिक वेळ लागतो. तसेच 'क' पासून सुरू होणारे शब्द सांगा म्हटल्यावर 'काका', 'किल्ली', 'कुंकू' चालतील काय? बाराखडी शिकलेल्याला ही सारी 'क'चीच संतती वाटेल, एखाद्याला केवळ 'कमळ' आणि 'कणीस' वाटतील, आणि निरक्षराला तर शब्दाचे असे तुकडे करण्याची कल्पनाच परकी असेल. परीक्षकांमध्ये याविषयी एकमत नसेल, तर दोन परीक्षक एकाच उत्तराला दोन गुणसंख्या देतील. विश्वसनीयतेचा भंग होतो तो असा, अगदी लहान फटीतून.

शब्दांच्या यादीत हाच दोष वेगळ्या वेषाने येतो. मूळ यादीतील शब्द परस्परांशी असंबद्ध असावेत असा दंडक असतो. पण परकीय प्रार्थनास्थळाच्या जागी आपण 'देऊळ' घातले आणि परकीय फुलाच्या जागी 'झेंडू', तर या दोन शब्दांची गाठ मराठी मनात बालपणापासून बांधलेली असते. एक आठवला की दुसरा त्याच्या मागोमाग येतो, आणि परीक्षा नकळत सोपी होते. उलट 'मखमल'सारखा शब्द ज्याच्या घरात कधी आला नाही त्याला ती नकळत कठीण होते. वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखविण्याच्या प्रश्नात, मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने आणि 'जेव्हा-तेव्हा'ची जोडी वाक्य लांबवीत असल्याने, स्मृतीवरचा भार मूळ वाक्यापेक्षा निराळा पडतो. चित्रातला गेंडा ओळखण्यास सांगतात. ताडोब्याच्या काठावरचा म्हातारा वाघ, अस्वल आणि रानडुक्कर यांच्या पाऊलखुणा सांगेल, पण गेंड्याशी त्याची गाठ कधी पडलेली नसते.

त्यात पुन्हा बोली. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मधील मराठीविषयक खंडात वऱ्हाडी व नागपुरी यांची स्वतंत्र नोंद आहे, आणि आजही येथल्या जुन्या माणसांच्या तोंडी कोथिंबीर 'सांबार' असतो, पेरू 'जांब' असतो, बटाटा 'आलू' असतो. परीक्षकाने यादीत 'पेरू' वाचला, वृद्धाने तो समजून घेऊन आपल्या मनाच्या कोठारात 'जांब' म्हणून ठेवला, आणि दहा मिनिटांनी 'जांब' म्हणून परत केला, तर त्याची स्मृती शाबूत आहे, किंबहुना त्याने अर्थ धरून ठेवला आहे. पण पुणेरी प्रमाणभाषेच्या उत्तरपत्रिकेत ते उत्तर चुकीचे ठरेल. भंडारा-गडचिरोलीची झाडीबोली, कोष्टी वस्त्यांतली हलबी, आणि ज्यांची घरची भाषा गोंडी आहे अशा वृद्धांची मराठी, यांचा विचार केला म्हणजे 'मराठी आवृत्ती' हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. सुदैवाने डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यातून एकाच वस्तूला कोणत्या जिल्ह्यात काय म्हणतात याची सामग्री उपलब्ध होत आहे. परीक्षा घडविणाऱ्यांनी शब्द निवडताना प्रथम त्या दप्तराकडे जावे.

नागपूरची आणखी एक विशेषता अशी, की १९५६ पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते, आणि इथला सामान्य मनुष्य आजही इतवारीच्या दुकानात हिंदी व घरी मराठी असा वावरतो. त्याची परीक्षा कोणत्या भाषेत घ्यावी? अंक तो हिंदीत मोजीत असेल, आणि नाती मराठीत आठवीत असेल. हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली दाखविले, की द्विभाषिकांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा प्रकट झालेली होती. दोन भाषा हे मनाचे बळ असेल, तर परीक्षेने त्या बळाला दंड करू नये: वृद्धाला भाषा निवडू द्यावी, आणि दोहोंपैकी कोणत्याही भाषेतले बरोबर उत्तर बरोबर मानावे.

शिक्षणाचा विचार भाषेनंतर घेतला असला तरी त्याचे वजन सर्वांत अधिक आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या जनगणनेत, १९५१ साली, देशातील साक्षरता १८.३३ टक्के होती आणि स्त्रियांची ८.८६ टक्के. आज जे ऐंशीच्या घरात आहेत त्यांचे बालपण त्या देशात गेले. कागदावर पेन टेकविण्याची सवय नसलेल्या हाताला घनाकृती काढावयास सांगणे, घड्याळाचे वर्तुळ रेखाटावयास सांगणे, आणि न जमल्यास मेंदूकडे बोट दाखविणे हा अन्याय आहे. निरक्षरांसाठी 'मोका'ची निराळी मूलभूत आवृत्तीही २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली आहे; तिचा अंगीकार मराठीत, मराठी वृद्धांवर पडताळून, झाला पाहिजे.

परीक्षेचा मेळ परीक्षकाच्या वागणुकीवरही अवलंबून असतो. गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात, ऐकू कमी येणाऱ्या आजीला, तिच्याशी परक्यासारखे बोलत भराभर शब्द वाचून दाखविले, आणि शेजारी बसलेली सून मधूनच उत्तर पुटपुटली, तर तो आकडा कोणाच्या स्मृतीचा? आजींना 'आजी' म्हणून, बसवून, पाणी विचारून, ऐकू येते काय याची खातरजमा करून मगच प्रश्नाला हात घालणे हा शिष्टाचार तर आहेच, पण मोजणीच्या शास्त्राचाही तो भाग आहे. त्याचप्रमाणे सहा महिन्यांनी पुन्हा तपासताना तीच यादी दिली, तर सरावाने गुण वाढतात आणि ऱ्हास झाकला जातो. त्यासाठी समतुल्य अशा दोन-तीन मराठी याद्या हव्यात. आणि केवळ परीक्षेवर न थांबता घरच्यांची साक्षही नोंदली पाहिजे: पैशांचा हिशेब चुकू लागला काय, देवघरातला नित्यक्रम विस्कटला काय, ओळखीच्या रस्त्यावर चुकामूक झाली काय. चेन्नई व वेल्लोरपासून चीनपर्यंत जेथे जेथे '१०/६६' या संशोधनगटाने काम केले, तेथे रुग्णाची परीक्षा आणि आप्तांची मुलाखत यांची सांगड घातल्याने निरक्षरांवरचा अन्याय बराच कमी झाला. आप्तांच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. प्रेमापोटी दोष झाकला जातो आणि वितुष्टापोटी तो वाढवून सांगितला जातो. पण दोन अपुऱ्या साक्षी परस्परांशी ताडल्या की सत्य अधिक जवळ येते, हा न्यायदानाचा जुना शिरस्ता येथेही लागू पडतो.

या साऱ्या आढाव्याअंती माझा निष्कर्ष असा आहे. स्मरणचाचण्या टाकाऊ नाहीत. एखाद्या वृद्धाकडे अधिक काळजीने पाहिले पाहिजे, हे सुचविण्यास त्या उपयोगी आहेत. परंतु ज्या परीक्षेची विश्वसनीयता मराठी वृद्धांवर, शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर आणि बोलींच्या भेदांसह सिद्ध झालेली नाही, तिच्या एका बैठकीतल्या आकड्याला निवाड्याचे स्थान देता येत नाही; ना दवाखान्यात, ना कचेरीत, ना घरात. आणि हे काम करण्यास नागपूरसारखी दुसरी जागा नाही. 'मेडिकल', 'मेयो' आणि मिहानमधील एम्स ही तीन मोठी सार्वजनिक रुग्णालये येथे आहेत. तासाभराच्या अंतरावर सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून खेड्यांत पाय रोवून आहे. विद्यापीठात मानसशास्त्र व भाषा या दोन्ही विषयांचे अध्ययन चालते. आणि शहरातून कोणत्याही दिशेस निघाले तरी दोन तासांत नवी बोली कानी पडते. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि बोलीचे अभ्यासक यांनी एका बैठकीला बसावे, शब्द लोकांच्या तोंडून गोळा करावेत, महालापासून मेळघाटापर्यंतच्या निरोगी वृद्धांवर ते पडताळावेत, महिन्याभराने पुन्हा पडताळावेत, आणि मिळालेली मानके सर्वांसाठी खुली करावीत. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक बँकांच्या दारी येतात. त्यांतल्या राजीखुशीने तयार असणाऱ्यांना सन्मानाने विचारले, तर निरोगी सुशिक्षितांचा नमुना मिळण्यास अडचण पडणार नाही, आणि निरक्षरांसाठी आशाताईंच्या सोबतीने गावोगाव जावे लागेल.

तोवर वाचकांना एवढीच विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या विसरण्याकडे म्हणीवर हवाला ठेवून दुर्लक्ष करू नका. त्यांना तपासणीला अवश्य न्या. बरोबर त्यांचे शिक्षण, त्यांची घरची बोली आणि त्यांच्या रोजच्या वागण्यात वर्षभरात पडलेला फरक लिहून न्या, ऐकण्याचे यंत्र व चष्मा विसरू नका, रक्तातील 'बी-१२' व थायरॉइड तपासले काय ते विचारा, आणि हाती आलेल्या आकड्याविषयी डॉक्टरांना नम्रपणे पुसा, की ही सीमारेषा कोणत्या लोकांवरून आखलेली आहे. आपल्या आई-वडिलांसाठी एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मराठी माणसाला आहे.